वस्तादांना दिलेला होकार

मुंग्या म्हटलं की लोक हसण्यावारी नेतात. माझ्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत. मग डावा तळवा बधिर झाला. एकदा कराडात शाळेत शिकवून घरी आलो, तर डाव्या पायातली चप्पल वाटेतच कुठेतरी राहिली होती आणि मला पत्ताही नव्हता. तो पाय धुताना दुसऱ्या कुणाचा तरी पाय धुतोय असं वाटायचं. किळस यायची, अगदी शिसारी.

हाडांचं दुखणं जुनंच. वीस वर्षं झाली, माझे मणके एकमेकांना चिकटत चाललेत. मान वळत नाही. कुणी मागून हाक मारली की अख्खं अंग वळवावं लागतं. पोरं माझी नक्कल करतात, आणि चांगली करतात. पण मुंग्या नव्या होत्या. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं, साखर पाहिली. म्हणाले, "मुंग्या मणक्यामुळेच आहेत का, आत्ता सांगता येत नाही. लक्ष ठेवू. पण मानेला कुणाचा हात लागू देऊ नका. असा मणका झटक्यानं मोडतो, मग कायमचे अंथरुणाला खिळाल."

हे ऐकून मी शिराळ्याजवळच्या आमच्या गावी गेलो आणि चारच दिवसांत वस्तादांपुढे पालथा पडलो.

थोरला भाऊ म्हणाला होता, "डाक्टरला कळंना, तर वस्तादांस्नी दाव की." लहानपणी मी याच वस्तादांच्या तालमीत माती अंगाला लावली होती. निखळलेले खांदे, मुरगळलेले घोटे ते आजही बसवतात. पैशाला हात लावत नाहीत. नारळ ठेवायचा, पाया पडायचं, आणि त्यांनी "गुण हाय न्हवं?" विचारलं की "हाय" म्हणायचं. नाही म्हटलं तर त्यांच्या हाताचं यश जातं, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे नाही कुणी म्हणतच नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर मणक्याची आकृती काढतो. तरीही त्या तेलकट, कुबट चटईत तोंड खुपसून मी मान त्यांच्या हाती दिली. "आवं वस्ताद, मानेला नगं," एवढं वाक्य तोंडातून फुटलं नाही. त्यांनी हनुवटी धरली, हिसका दिला. कट्‌ असा आवाज झाला. हात हलतोय का, पाय हलतोय का, हे मी हलवून पाहिलं. हलत होते. मुंग्याही जागच्या जागी होत्या.

"गुण हाय न्हवं?"

"हाय, वस्ताद."

घरी येऊन दोनदा साबण लावला, तरी मानेचा तो तेलकट वास जाईना. खरं तर वासाचं काही नव्हतं. मला माझीच घाण वाटत होती.

महिन्याभराने पुन्हा गावी गेलो, तर तालमीच्या दारात एक जोडपं उभं. नवरा साखर कारखान्यात कामाला, तिशीचा. मला पाहायला तो वळला आणि मी चरकलो. मानेसकट, खांद्यासकट, अख्खाच वळला.

बायको म्हणाली, "तुमीच मास्तर न्हवं? वस्ताद तुमचंच नाव सांगत्यात. डाक्टर नगं म्हणत हुतं, पर तुमाला गुण आला म्हनून आमी आलो."

मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. त्यांच्यामागोमाग आत गेलो. तो चटईवर पालथा झाला. वस्तादांनी हातावर तेल घेतलं, त्याच्या हनुवटीखाली बोटं घातली, तेव्हा कुठे मी ओरडलो.

"वस्ताद, थांबा! मला गुण आला न्हाई. मी खोटं बोललो. ह्याचा मणका माझ्यासारखाच हाय. मोडंल त्यो."

त्यांनी हात काढून घेतले. माणूस उठून बसला. बायको माझ्याकडे अशी पाहत होती, की तिने तोंडावर थुंकलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. नवऱ्याचा सदरा उचलून ती त्याला घेऊन गेली.

आता वस्ताद शिव्या देतील म्हणून मी खाली बघत उभा होतो. त्यांनी धोतराच्या सोग्याला तेल पुसलं आणि हळूच विचारलं, "आनी किती जण आसं खोटं बोललं आसतील रं?"