चव्वेचाळीस ठोके

सावद्याच्या आसपास केळीचे घड वाहणाऱ्या आठ-दहा टोळ्या असतील, पण झुलाल मुकादमाच्या टोळीत पुढे कोण चालतो हे कुणाला विचारावं लागत नसे. सव्वीस वर्षं लोटनच पुढे होता. ठिबकच्या पाण्याने मऊ झालेली काळी माती घोट्यापर्यंत पाय ओढते आणि खांद्यावर वीस-बावीस किलोचा घड असतो. अशा वाटेवर पुढच्याचं पाऊल जिथे पडतं तिथेच मागच्या सातांची पावलं पडतात. पुढचा थांबला की आठही जण ओझ्यासकट चिखलात उभे राहतात. म्हणून पुढची जागा सहजासहजी कुणाला मिळत नाही. ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते आणि पुढच्या आखाजीपर्यंत बदलत नाही.

लोटनची शाळा चौथीत सुटली होती. शेत नव्हतं, मूलबाळ नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी त्याचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर ती टोळीतली पहिली जागा. ट्रक भरला की बाकीचे बांधावर आडवे होत. लोटनचा श्वास मात्र तंबाखू मळून होईतो जागेवर आलेला असे. "याच्या छातीत इंजिन बसवेल आहे," असं झुलाल आबा म्हणत.

फेब्रुवारीत मारुतीच्या पारावर मोफत तपासणीचं शिबिर भरलं. ट्रक यायला उशीर होता, म्हणून टोळी जाऊन बसली. नाडी पाहणाऱ्या मुलीने लोटनचं मनगट दोनदा धरलं, मग बोटाला चिमटा लावला. आकडा तोच आला, चव्वेचाळीस. कार्डावर शेजारी साधारण नाडी म्हणून बहात्तर छापलेलं होतं. तिने चव्वेचाळीसभोवती लाल गोल काढला. "धुळ्याला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. तोवर जड काम नको."

लोटनचा बाप बागेतच, घड खांद्यावर असताना गेला होता. त्याच्या बायकोला, धुरपदाबाईला, तो लाल गोल पुरेसा होता.

"मले काही होत नाही ना," लोटन म्हणाला.

"तुमच्या बापाले तरी काय होत होतं? सकाळी दोन भाकरी खाऊन गेलते." तिने कार्ड देवाजवळ ठेवलं. "अठ्ठावीस ठोके कमी भरले. तेल संपत आलं की वात अशीच हळू जळते."

त्या दिवसापासून तिने त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. ओट्यावर खाट पडली. शेजारीपाजारी बिस्किटाचे पुडे घेऊन येऊ लागले. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यातली तारीख एप्रिलमधली मिळाली, आखाजीच्या चार दिवस आधीची. टोळीत लोटनच्या मागे चालणारा ललित आता पुढे चालू लागला होता. तो एकदा भेटायला आला.

"मामा, तुमच्यावानी नाही जमत. मागचे शिव्या देतात."

"आबा काय म्हणतात?"

"म्हणतात, चांगला कागद आणा, आखाजीला जागा तुमचीच."

म्हणून लोटन मन लावून पडून राहिला. रोज सकाळी धुरपदाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्याचं मनगट धरी. पंधरा दिवसांत पन्नास भरले, होळीनंतर अठ्ठावन्न. आकडा चढू लागला तसा तिच्या तोंडावर रंग येऊ लागला. ज्या दिवशी सत्तर झाले, त्या दिवशी तिने मारुतीला नारळ फोडला आणि गल्लीत गूळ-खोबऱ्याची शेरणी वाटली. अंगणातून मोरीपर्यंत जाताना त्याला धाप लागे, पण आजारातून उठलेल्याला धाप लागणारच, असं दोघांनी धरलं.

धुळ्याच्या स्टँडवर तिचा भाऊ हितेंद्र दोघांना घ्यायला आला होता. तो एसटीत कंडक्टर. "दाजी, तुमले काही नही शे," तो वाटभर सांगत होता.

डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, मग लोटनला फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पाच मिनिटांत त्याचा सदरा भिजला. खाली उतरल्यावर त्याला बसवून, नाडी धरून त्या किती वेळ घड्याळाकडे पाहत राहिल्या. मग शिबिराचं कार्ड हातात घेतलं.

"तेव्हा चक्कर यायची? दम लागायचा?"

"नाही. दिवसाला साठ-सत्तर घड वाहायचो."

"आणि आता?"

"आता दोन महिने पडून आहे, बाई. तुमचा जिना चढतानाच दम लागला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. रोज ओझं वाहणाऱ्याचं हृदय जास्त रक्त भरून घेतं आणि एका ठोक्यात जास्त ढकलतं. म्हणून बसल्या जागी त्याला थोडे ठोके पुरतात. कामाला लागलं की ठोके वाढतात, हातापायांकडे रक्त धावतं, आणि थांबलं की झपाट्याने उतरतात. धावणाऱ्या पोरांची नाडी अशीच असते. कधी आजारानेही ठोके कमी होतात, म्हणून तपासायला सांगितलं ते बरोबरच होतं. पण तुमची पट्टी साफ आहे."

"मग आताचे सत्तर?" धुरपदाबाईने विचारलं.

"ते बसून राहिलेल्या माणसाचे."

"म्हणजे चव्वेचाळीस चांगले होते?"

"फार चांगले होते."

लोटनने विचारलं, "परत येतील?"

"चालायला लागा, ओझं हळूहळू वाढवा. दोन-तीन महिन्यांत बरंच परत येतं. या वयात किती, ते मी आज सांगू शकत नाही."

आखाजीला चार दिवस होते.

झुलाल आबांनी शब्द पाळला. आखाजीच्या सकाळी गल्लीत झोके बांधले जात होते, तेव्हा बागेत त्यांनी धुळ्याचा कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "लोटन, हो पुढे."

"बाईंनी हळूहळू म्हटलंय, आबा."

"तुझ्या हळूहळूसाठी ट्रक थांबंल का?"

पहिल्या तीन खेपा जुन्या सवयीने निघाल्या. चौथ्या खेपेला घड उतरवला तरी छातीतली धडधड उतरली नाही, आणि तिच्यावरच पाचवा घड खांद्यावर आला. निम्म्या वाटेत लोटनचे पाय थांबले. मागे सातही जण उभे राहिले. तो शिव्यांची वाट पाहत होता. थांबणाऱ्याला सव्वीस वर्षं त्यानेही शिव्याच दिल्या होत्या. कुणी शिवी दिली नाही.

"मामा, जरा बाजूला व्हा," ललित हळूच म्हणाला.

लोटन केळीच्या खोडाला टेकला. ललित पुढे झाला. त्याच्या पावलांवर सहा जणांची पावलं पडत गेली. लोटन शेवटून आला.

ट्रकपाशी आबांनी त्याच्या खांद्यावरचा घड स्वतः उतरवून घेतला. "वर चढ. घडांखाली पाला अंथर. सावलीतलं काम आहे."

"आणि पुढच्या आखाजीला?"

"पुढच्या आखाजीला तू बावन्नचा होशील, लोटन," आबा म्हणाले आणि ट्रककडे वळले.

दिवस मावळायच्या आत तो घरी आला. धुरपदाबाई उंबऱ्यातच बसली होती. हात धुऊन तो खाटेवर बसला, तेव्हा सवयीने तिची नजर घड्याळाकडे गेली आणि बोटं त्याच्या मनगटाकडे.

"राहू दे," लोटनने हात मागे घेतला. "बहात्तरच भरतील."