खिळ्यावरचं साल

विज्ञान केंद्रातल्या ‘उद्याचं जग’ या दालनाच्या पाट्या एक पेंटर रंगवायचा. एका पाटीवर लिहिलं होतं, ‘कमरेखाली लुळी पडलेली माणसं यंत्राच्या पायांनी चालतील’, आणि खाली साल. ते पहिल्यांदा रंगवलं, तेव्हा त्याची बायको अंथरुणाला खिळून वर्षच झालं होतं. हातसुद्धा न धुता तो घरी धावला. “फक्त आठ वर्षं,” त्यानं सांगितलं. तिनं लगेच कपाटातल्या आपल्या चपला पुसून ठेवायला लावल्या. तेव्हापासून दर रविवारी तो त्या पुसतो.

साल आलं आणि गेलं. केंद्राच्या साहेबांनी त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारून पुढचं साल घालायला लावलं. मग आणखी एकदा. साहेबांचं काय जातं, आकडा बदलला की त्यांचं भविष्य पुन्हा ताजं.

या रविवारी पुन्हा बोलावणं आलं. संध्याकाळी बायकोनं त्याच्या बोटांवरचा रंग पाहिला.

“किती वाढवलं?”

“सहा.”

“नीट रंगवलंत ना?”

“पाटीवर नाही रंगवलं. आकडे पत्र्यावर काढले आणि खिळ्यावर टांगून आलो. बदलायला सोपं.”

तिची नजर कपाटाकडे गेली.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “आज चपला पुसायच्या राहिल्यात.”