हेस्टरच्या चार तांबड्या खुणा

हेस्टर रिग ही इंग्लंडच्या उत्तरेकडल्या थॉर्नडेल खोऱ्यातल्या पोस्टमास्तरांची धाकटी मुलगी. मँचेस्टरला जाऊन चित्रकला शिकली आणि तिथेच कुठे मास्तरीण व्हायचं सोडून सरळ घरी परतली. मग वर्षानुवर्षं सायकलच्या मागे चित्राची तिकाटी बांधून डोंगर चढत राहिली. वर थंडी अशी की भांड्यातलं रंगाचं पाणी गोठायचं, म्हणून ती त्यात थोडी जिन ओतायची. खोऱ्याला थट्टेला तेवढं पुरे होतं.

"काय हेस्टर, आज कुणाला जास्त चढली? ब्रशला की तुला?"

"ब्रशला. पण तो तुझ्यासारखा गटारात पडत नाही."

तिचा तोरा एकच होता: "मी दिसतं तेच काढते." भिंतीतला दगड ढासळलेला असला तर चित्रातही ढासळलेला. मेंढपाळ विल्फ बेन्सनने तर एकदा तिचं चित्र बघून आपली भिंत दुरुस्त केली होती!

१९३४ च्या सप्टेंबरात तिने म्हाताऱ्या जॉस टायसनच्या डोंगरावरच्या मेंढवाड्याचं चित्र काढलं. दगडी कुंपणात जॉसच्या मेंढ्या, मागे धुकं. त्या मुलखात प्रत्येक घराची मेंढ्यांवर आपापली रंगाची खूण. शेंबडं पोरही लांबून ओळखतं. जॉसची खूण निळी, डाव्या खांद्यावर. पण आधीच करड्या-निळ्या चित्रात ती निळी खूण बुडून गेली, सगळं मेल्यासारखं दिसू लागलं. हेस्टरने चार मेंढ्यांच्या उजव्या बरगडीवर तांबड्याचे चार फटकारे मारले. चित्र जिवंत झालं! बाई शीळ घालत डोंगर उतरल्या.

मँचेस्टरच्या प्रदर्शनाला धाडण्याआधी चित्र गावच्या हॉलमध्ये लावलं. डोंगराकडे कोण बघतो? सगळे मेंढ्यांपाशी वाकले. विल्फचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"उजव्या बरगडीवर तांबडी? ही माझी खूण! माझ्या चार मेंढ्या दोन महिने सापडत नाहीत, आणि त्या इथे, जॉसच्या वाड्यात!"

"माझ्या वाड्यात तुझं काही नाही, विल्फ," जॉस म्हणाला.

"हेस्टर दिसतं तेच काढते. हो ना गं?"

सगळे तिच्याकडे वळले. हेस्टरने तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा."

झालं! जॉसला तोंडावर चोर कुणी म्हटलं नाही. पण थंडीच्या तोंडावर सगळं खोरं मिळून डोंगरावरच्या मेंढ्या हाकत खाली आणतं, त्या हाक्याला यंदा जॉससाठी कुणी माणूस धाडलं नाही की कुत्रं. सत्तरीचा म्हातारा एकटाच चिंब भिजून चौथ्यांदा वर चढताना हेस्टरने खिडकीतून पाहिला. आज सांगते, उद्या सांगते, करत तीन आठवडे गेले. मधेच मँचेस्टरहून पत्र आलं: चित्र पसंत, आणि चित्रकर्तीच्या प्रामाणिक नजरेचं विशेष कौतुक. ते पत्र तिने पावाच्या डब्याखाली सरकवलं.

नोव्हेंबरात मेंढपाळांचा मेळा भरला. चुकलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत द्यायच्या आणि मग खानावळीत मटणाचा पाय आणि बिअर. जॉस आला होता. त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. हेस्टर उभी राहिली.

"त्या मेंढ्या जॉसच्याच होत्या. तांबडा मी घातला. चित्राला हवा होता."

"चित्राला?" विल्फ म्हणाला. "चित्राला तांबडा कशाला गं हवा?"

जॉसने काटा खाली ठेवला. "तीन आठवडे, पोरी."

"हो."

"तांबडंच हवं होतं, तर माझं नाक काढायचंस."

खानावळ हशाने दणाणली. जॉस हसला नाही.

अर्ध्या तासाने पलीकडच्या खोऱ्यातला मेंढपाळ आला, विल्फच्या चार मेंढ्या पुढे घालून. उन्हाळ्यात डोंगराची धार ओलांडून तिकडे गेल्या होत्या. विल्फ मान खाली घालून जॉसपुढे बिअरचा पेला ठेवायला गेला. आणि हेस्टरच्या मनात पहिला विचार काय यावा? अर्धा तास दम धरला असता, तर मला काही कबूल करावंच लागलं नसतं! कान तापले तिचे. जॉसकडे बघवेना, म्हणून ती कोट न घेताच बाहेर पडली.

चित्र तिने मँचेस्टरहून परत मागवलं. पुढे तिचं नाव झालं, मोठ्या शहरांत चित्रं लागली, पण मेंढी म्हणून तिने पुन्हा काढली नाही. तिच्या चित्रांतल्या डोंगरांच्या एकांतावर जाणकार पानंच्या पानं लिहायचे.

त्या मेळ्याच्या पुढल्याच वर्षी हाक्याच्या सकाळी ती न बोलावता जॉसच्या दारात गेली, रंग घरी ठेवून, हातात काठी घेऊन. जॉसने तिला खालून वर न्याहाळलं आणि पार दलदलीतल्या खिंडीत नेऊन उभं केलं.

"इथून एकही सुटता कामा नये."

"नाही सुटणार."

गुडघाभर चिखलात ती दिवसभर उभी राहिली. जॉस मरेपर्यंत, अकरा वर्षं, तिची जागा तीच होती. त्याने ती कधी बदलली नाही, आणि तिनेही कधी 'बदल' म्हटलं नाही.