आटा था, आग नहीं थी

विनोदचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आंटी, बीजी नहीं रहीं," एवढंच तो म्हणाला. नव्वदीच्या आसपासची बाई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सुटल्या, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले... पण मेथी तशीच राहिली. आता काही आठवडे झालेत, तरी मागच्या अंगणाकडे बघायचं मी टाळते.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादच्या या सोसायटीत आलो, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा इथे एकच इमारत होती. बाकी सगळी धूळ आणि विटांचे ढीग. शेजारच्या फ्लॅटमध्ये विनोद आणि त्याची आई, बीजी. फाळणीत लहानपणी लाहोरकडच्या एका खेड्यातून त्या दिल्लीला आल्या होत्या. फ्लॅटमधल्या नव्या ओट्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत माती, भुसा आणि बकरीचे केस कालवून स्वतःच्या हातांनी तंदूर घातला. गॅसवरची रोटी म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं त्यांचं ठाम मत. संध्याकाळी आम्ही बायका पराती घेऊन खाली जायचो. माझी पहिली रोटी निखाऱ्यांत पडली, मनगटावरचे केस जळाले, तेव्हा "मराठन, तू चावल ही खाया कर" असं सुनावून त्यांनी माझी कणीक काढून घेतली. भाकरी थापणाऱ्या बाईचा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता.

शेजारची दुसरी इमारत बांधणाऱ्या मजूर बायकाही तिथे यायच्या. कुणी बंगालमधल्या मालद्याची, कुणी बुंदेलखंडातल्या छतरपूरची. त्यांच्यातली फूलमती बीजींची विशेष लाडकी. नियम एकच, जमतील तेवढी लाकडं आणायची आणि पाळी आली की भाजायचं. कोण कुठली, हे बीजी कधी विचारत नसत. मी एकदा सहज विषय काढला, तेव्हा त्यांनी सांगितलं. दिल्लीत आल्यावर त्यांची आई कणीक घेऊन एका गल्लीतल्या तंदूरवर गेली होती. तिथल्या बायकांनी तिला रिफ्यूजी म्हणून परत पाठवलं, कहीं और देख लो म्हणाल्या. कणकेवर ओढणी झाकून ती आली आणि मुलं उपाशी झोपली. "आटा था, पुत्तर. आग नहीं थी," बीजी म्हणाल्या आणि पुढची रोटी आत थापली.

दुसरी इमारत पूर्ण होत आली. भिंत आली, गेट आलं, गाड्या आल्या. एका गाडीतला स्टिरिओ गेला. चोर सापडला नाही, पण तो मजुरांपैकीच असणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. काम संपल्यावर मजुरांनी आत थांबायचं नाही, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं. विनोद सेक्रेटरी होता. बायका तुमचंच ऐकतात म्हणून सांगायचं काम बीजींवर आलं. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तेव्हा फूलमती परात घेऊन उभी होती. तिच्याकडे न बघता बीजी म्हणाल्या, "तुम लोग कहीं और देख लो."

फूलमतीने पदर कणकेवर ओढला आणि निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मला तेव्हा बीजींचा राग आला होता आणि तो थोडा अजूनही आहे. छळ सोसलेली सूनच पुढे कडक सासू होते, हे आपल्या घरांत पाहिलं होतं. इथे अख्ख्या शहराचं तसं होताना पाहिलं. निर्वासितांच्या छावण्यांत वाढलेल्यांचीच मुलंबाळं नव्या वस्त्यांच्या गेटवर वॉचमन बसवत होती. आम्हीही बाहेरचेच, पण आमच्या हातात फ्लॅटची किल्ली होती.

त्यानंतर बीजींनी तंदूर कधीच पेटवला नाही. मुकाट्याने गॅसवरची रोटी खाऊ लागल्या. मात्र दरवर्षी दिवाळीआधी त्याला आतून मातीचा हात फिरवायच्या. पेटवायचा नाही तर सारवता कशाला, म्हणून मी चिडवायचे. त्या मातीचा पुढचा गोळा उचलायच्या. शेवटच्या भेटीत मात्र डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "मराठन, उसने आटा ढक लिया था न?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली... आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

तेरावं झाल्यावर विनोद म्हणाला की तिथे आता पार्किंग करायचंय, तंदूर काढावा लागेल. मी खाली जाऊन झाकण उचललं. दोन वर्षं हात न फिरल्यामुळे माती तडकली होती, पण तिच्यावर बीजींच्या बोटांचे पट्टे दिसत होते. तळाशी वाळकी लाकडं नीट रचून ठेवलेली होती. त्यांच्यावर धूळ बसली होती. फक्त काडी लावायची राहिली होती.