न चढणारी बिअर

नवऱ्याच्या लिव्हरचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी बिअर बंद करायला सांगितली, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता शुक्रवारी संध्याकाळी मित्र जमले की तो लिंबू सरबत पिईल, ही माझी भाबडी समजूत. पण डॉक्टर जाता जाता म्हणाले की अगदीच राहवलं नाही, तर नावापुरतं अल्कोहोल असलेली बिअर कधीतरी चालेल. नवऱ्याने नेमकं तेवढंच ऐकलं.

अशी बिअर इथे अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलच्या कुठल्याही दुकानात मिळते. मी आणूनही ठेवली. तिला हात न लावता तो म्हणाला, "असली पेशंटची बिअर मी पिणार नाही. घरी करतो."

झालं, स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. त्याने मोड आणलेल्या जवाचं माल्ट आणि कडवटपणासाठी हॉप्सची फुलं उकळून, गार करून बादलीत ओतली आणि त्यात यीस्ट घातलं. गॅरेज बर्फासारखं गार, म्हणून ती बादली माझ्या चांगल्या शालीत गुंडाळून डायनिंग टेबलापाशी आली. ती बुडबुडत राहिली आणि आम्ही शेजारी बसून वरणभात जेवत राहिलो. पुढे खरी कटकट. तयार बिअर त्याने गणपतीत मसालेभाताला काढतो त्या पातेल्यात ओतली आणि अल्कोहोल उडून जावं म्हणून मंद आचेवर ठेवली. घरभर असा वास सुटला की बाहेर बर्फ पडत असताना खिडक्या उघडाव्या लागल्या. वरच्या मजल्यावरून लेक म्हणाली, "बाबा, इट स्मेल्स लाइक अ वेट डॉग."

तापवताना यीस्टही मेलं, त्यामुळे बाटल्या भरल्या तरी फेस येईना. मी म्हटलं, ओतून टाक. त्याने नवीन यीस्ट घातलं, वर साखर अंदाजाने. काही दिवसांनी गॅस कोंडून पॅन्ट्रीत एक बाटली फुटली, ती थेट तांदळावर. काचा वेचताना मी तोंड सोडलं. केर भरता भरता तो म्हणाला, "शुक्रवारी कुणी येत नाही गं आता. माझ्यासमोर प्यायला त्यांना अवघड वाटतं."

उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये टाकल्या आणि त्याच्या मित्रांना मीच फोन केले.

ते आले. बिअर पाणचट, कडवट, भिजलेल्या ब्रेडच्या चवीची. नवरा मात्र रंगून कृती सांगत होता. मी चकल्या आणायला आत गेले, तर त्याचा सगळ्यात जुना मित्र सिंकमध्ये ग्लास रिकामा करत होता.

"वहिनी, खरंच घशाखाली जात नाही यार," तो ओशाळून म्हणाला.

इतके दिवस मी वेगळं काय म्हणत होते? तरी माझं डोकं फिरलं. त्याचा ग्लास काठोकाठ भरून म्हटलं, "बाहेर जाऊन त्याच्यासमोर प्या."

निमूट गेला आणि तोंड वाकडं न करता प्यायला.

आता ते पुन्हा येतात, आपापली बिअर घेऊन. नवरा त्याची घरची पितो. काल विचारत होता, पुढच्या खेपेला आलं घालून बघूया का, आणि त्यासाठी दुसरा फ्रिज घेऊया का. मी आधी माझी चांगली शाल कपाटात कुलूप लावून ठेवली.