सोनलचं साक्षगंध आणि हिरवं कार्ड

आता तुम्ही हसणारच म्हणा, पण त्या दिवशी माझी जी फजिती झाली ना, ती आठवली की चहा गोड लागत नाही!

मी अमरावतीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचे प्रोजेक्ट सांभाळतो. कोणतं काम कोणाकडे, कुठवर आलं, सगळं एका ॲपवर. काम झालं की त्याचं कार्ड हिरवं करायचं. सोनल माझी बहीण. तिचं साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, अकोल्याला ठरलं आणि मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, हेही ॲपवरच चालवू!

घरचं कोण उघडतं ॲप? मीच फोन करायचो. अकोल्याच्या मामांकडे हार आणि जेवणाचं काम दिलं होतं.

"मामा, हारांचं काय झालं?"

"झालं समज!"

केलं कार्ड हिरवं.

"अन् आचारी?"

"अबे, झालंच समज ना!"

तेही हिरवं. ॲपमधला कार्डांचा बोर्ड असा हिरवागार, की तुरीच्या वावरानं लाजावं! बाबांना दाखवला, तर म्हणाले, "मोबाइल ठेव अन् एकदा जाऊन पाह्य." आता त्यांना काय कळतं प्रोजेक्टमधलं?

साक्षगंधाच्या सकाळी गाडी अर्ध्या वाटेत, मूर्तिजापूरला आली. सहज मामांना फोन लावला.

"हार आले ना, मामा?"

"जाऊनच राहिलो आनाले."

"आता? तुमी तर झालं म्हनले होते!"

"मंग? फुलं का चार दिवस आधी आनून सुकवाचे? आचाऱ्यालेबी आताच उठवतो."

म्हणजे माझ्या हिरव्यागार बोर्डावरचं एकही काम झालेलं नव्हतं! तिकडे मुलाकडचे पाहुणे निघालेले, इकडे मागच्या सीटवर सोनल रडवेली. सासरच्यांसमोर पहिल्याच दिवशी नाक कापलं जाणार!

मी फोनवरच सुटलो. "मामा, काम हातात आल्याबिगर झालं म्हनाचं नाही! काही जबाबदारी असते का नाही मानसाले?"

"हो बाप्पा, हो," म्हणत मामा पळाले.

हॉलवर पोचलो, तर हार टांगलेले, वरणाला फोडणी बसलेली. मामांनी सगळं वेळेत उभं केलं होतं. मी मात्र छाती फुगवून फिरत होतो. माझ्या ओरडण्यानंच झालं ना!

तेवढ्यात भटजी म्हणाले, "मुलाची अंगठी द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अंगठीचं काम माझं होतं. कार्ड हिरवं होतं. अंगठी अमरावतीला सोनाराकडे होती. तो फोनवर म्हणाला होता, "दादा, झालीच समजा!"

सोनलच्या डोळ्यांत पाणी. बाबा दातओठ खात पुटपुटले, "मोबाइलमधी हिरवी हाये ना? मंग काढ त्यातून अन् दे पोराले!"

मामांनी गुपचूप आपल्या बोटातली अंगठी काढून माझ्या मुठीत कोंबली.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. त्या दिवशी भर हॉलमध्ये मीच मामांच्या पाया पडलो.

ते वाकून कानात म्हणाले, "उठ बे. झालं समज!"