वाकायचं बटण

बाबा आनंदनगरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि अंबरनाथच्या आमच्या घरात दिवसभर पंख्याकडे बघत बसू लागले. मला त्यांची काळजी वाटायला लागली. म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून एक सेकंडहँड गेमिंग मशीन आणलं आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

गेम रहस्याचा होता. मध्ययुगातलं युरोपातलं एक गाव, तिथला जो कोणी पाटील असतो त्याचा खून, आणि आळ वेशीबाहेर राहणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या माणसावर. आपण शहरातून आलेले तपासनीस. खरा खुनी वेळेत सापडला नाही तर त्या माणसाला फाशी. इंग्रजी मी समजावून सांगायची, तपास बाबांचा.

"वेशीबाहेरचा आहे म्हटल्यावर त्याच्यावरच येणार," बाबा म्हणाले. यात त्यांना रहस्य असं काही वाटलं नाही.

तपास जोरात चालला आणि चर्चच्या दारात अडकला. खून पाहिलेली म्हातारी आत होती. दारावरचा पाद्री म्हणे, आधी मूर्तीपुढे गुडघे टेकून वाक, मग आत जा. त्यासाठी एक बटण होतं. बाबा ते दाबेनात. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुठल्या देवापुढे वाकलेलं नाही. सोसायटीच्या गणपतीची लायटिंग बाबाच करतात, पण शिडीवरून उतरले की हात पाठीमागे.

"बाबा, गेम आहे हो! फक्त बटण दाबायचंय."

"आणि वाकणार कोण? मीच ना?"

मग त्यांनी खिडकी शोधली, मागचं दार शोधलं. चर्चभोवती इतके फिरले की त्याची प्रदक्षिणा झाली, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी वेळ संपली. भर चौकात त्या माणसाला फासावर चढवलं.

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "परत लाव."

या वेळी ते थेट चर्चमध्ये गेले आणि बटण दाबलं. दाबताना टीव्हीकडे बघितलं नाही. म्हातारी बोलली, खुनी पाटलाचा भाऊच निघाला, आणि तो माणूस सुटला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

सुटलेला माणूस धावत आला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवून पडला.

"ए, ऊठ," बाबा टीव्हीला म्हणाले. "ऊठ रे, ऊठ ना." तो उठेना. बाबांनी कंट्रोलरवरची सगळी बटणं दाबून पाहिली. मग माझ्याकडे वळले. "याला उठवायचं बटण कुठलं?"

तसं बटण त्या गेममध्ये दिलेलंच नव्हतं.